पट्ट्याखालचा नायटा

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, असं आमच्या घरी सगळेच म्हणतात. नवरा म्हणायचा, मुली म्हणतात, आता नातही म्हणायला लागली आहे. असू दे. परवा त्याच नातीला घेऊन एका डॉक्टरकडं गेले होते. गोळ्यांनी तिला उलट्या व्हायच्या, म्हणून तिनं त्या मध्येच बंद केल्या होत्या. डॉक्टरनं मान वर न करता विचारलं, गोळ्या पूर्ण घेतल्या का? ती नाही म्हणाली. त्यानं फाइलवर इंग्रजीत एक ओळ खरडली आणि समोर बसल्या बसल्या मी ती उलटी वाचली. रुग्णाने सूचना पाळल्या नाहीत. मग काय, मी त्याला धरलाच. का नाही घेतल्या हे विचारलंत का तिला, म्हटलं. तोंड आहे ना तिला? तो बिचारा माझ्या धाकट्या मुलीपेक्षाही लहान. नातीनं मला हाताला धरून बाहेर आणलं. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "आजी, एका ओळीसाठी एवढं?"

हो, एका ओळीसाठी एवढं. तीच ओळ मी स्वतः एकदा लिहिली आहे, चांगल्या वळणदार अक्षरात. ती कोणाच्या कार्डावर लिहिली आणि पुढं काय झालं, हे मी घरी कधी धड सांगितलं नाही. राग दिसतो सगळ्यांना, त्याच्यामागचं कोणी विचारत नाही.

तेव्हा मी पंचविशी ओलांडली होती. आमचं गाव वैजापूर तालुक्यातलं, घरी बाजरी आणि कांदा. शिकून शहरात नोकरीला लागलेली घरातली पहिली मुलगी मी. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद. औरंगपुऱ्यात एका गल्लीत खोली घेतली होती आणि रोज सकाळी सायकलवरून दवाखान्यात जायचे. कोणता दवाखाना ते सांगत नाही, मोठा होता एवढं पुरे. नोकरी फिजिओथेरपिस्टची, म्हणजे रुग्णांना व्यायाम शिकवायचे, चालवायचे. पण हाडांच्या विभागाच्या मुख्य सरांनी मला त्यांच्या संशोधनाला जुंपलं होतं.

संशोधन मणक्याच्या टीबीवर होतं, त्याचा पेपर सर परिषदेत वाचणार होते. आमच्याकडं हा आजार लई. मणका आतून किडतो, पाठीला कुबड येतं आणि पाय लुळे पडतात. सर तो किडका भाग खरवडून काढायचे आणि रुग्णाच्याच कमरेच्या हाडाचा तुकडा काढून तिथं बसवायचे. आंब्याचं कलम बांधतात तसंच. तुकडा बसवला की तो जीव धरेपर्यंत हलू द्यायचा नाही, म्हणून पाठीला सहा महिने पट्टा. दोन लोखंडी पट्ट्या, त्यांच्यावर रेक्झिन, पुढून कॅनव्हास आणि चामड्याचे बंद. सरांचे हात सोन्याचे होते, हे मी रागातसुद्धा कबूल करते. चार चार तास उभे राहायचे, पाणी प्यायचे नाहीत. पाठंगुळी आणलेली माणसं त्यांच्यामुळं पायांनी घरी गेलेली मी पाहिली आहेत.

माझं काम फॉर्म भरायचं. प्रत्येक रुग्णाचा एक लांबलचक छापील फॉर्म. पाठ दुखते का, पायात ताकद किती, चालतो किती, पट्टा वापरला का, हो की नाही. ज्या कमरेतून हाड काढलं त्या कमरेला त्यात रकाना नव्हता. कातडीला तर नव्हताच नव्हता. हे माझ्या तेव्हा लक्षातही आलं नाही. मी रकाने भरत गेले.

ती आली पाचोडच्या अलीकडच्या एका वस्तीवरून. मेंढरं राखणाऱ्यांचं घर, थोडी कोरडवाहू जमीन, बाकी मजुरी. नवऱ्यानं तिला पाठीवर घेऊन एसटीतून उतरवलं आणि तसंच आमच्या ओपीडीत आणलं. पाय दोन महिन्यांपासून जड पडत चालले होते. मी वय विचारलं. ती म्हणाली, "पोलीस ॲक्शन झाली तवा आईच्या पोटात व्हते." निजामावरची ती ॲक्शन अठ्ठेचाळीस सालची, मी मनात वजाबाकी केली आणि तेहतीस लिहिलं. संमतीचा कागद इंग्रजीत होता. मी तिचा अंगठा धरला, शाईच्या पॅडवर दाबला आणि कागदावर उमटवला. काय लिहिलंय हे तिनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. सगळ्यांचे अंगठे असेच घ्यायचे आम्ही, बाजारात गोणीवर शिक्का मारावा तसे.

ऑपरेशन छान झालं. काही दिवसांनी तिनं पायाचं बोट हलवलं आणि रडायलाच लागली. तिची सासू पलंगाच्या पायथ्याशी बसून त्या बोटाकडं बघत राहिली होती. मी तिला बसायला शिकवलं, उभं राहायला शिकवलं, मग चालायला. घरी जायच्या दिवशी सर मला म्हणाले, पट्टा काढू नका म्हणावं, हे लोक घरी जाऊन काढतात. सरांनी दिलेल्या छापील कागदावर सगळं नीट लिहिलेलं होतं. आडवं पडून पट्टा सोडायचा, अंग पुसायचं, कोरडं करायचं, पडल्या पडल्याच पुन्हा बांधायचा. पण कागद इंग्रजी, आणि समजावून सांगायचं काम माझं. मला वाटलं, एवढं सगळं सांगत बसलं तर ही नेमकं काढायचं तेवढंच लक्षात ठेवील. म्हणून मी माझ्या अकलेनं सोपं केलं. अजिबात काढायचा नाही, म्हटलं. झोपताना नाही, अंघोळीलाही नाही. काढलास तर पुन्हा लुळी पडशील. दटावूनच सांगितलं, आणि माझा आवाज असा की शेजारच्या वॉर्डातल्या बायका वळून बघायला लागल्या.

ती म्हणाली, नाही काढणार ताई.

मग ती दर महिन्याला दाखवायला यायची. सर विचारायचे, कसं वाटतंय? ती म्हणायची, बरं हाय. सगळेच म्हणायचे. आमच्याकडं ज्यानं आपल्यासाठी काही केलं, त्यानं कसं आहे म्हणून विचारलं की बरं आहे म्हणायचं असतं. दुसरं काही बोलणं म्हणजे त्याच्या केलेल्या कामावर थुंकल्यासारखं. माझा बाप तापानं फणफणलेला असतानासुद्धा गावच्या डॉक्टरला बरं आहे म्हणायचा आणि मग डॉक्टर गेल्यावर कण्हायचा. हे मला माहीत नव्हतं असं नाही. हे मी बघत वाढले होते. तरी मी दुखण्याच्या रकान्यात "नाही" लिहीत गेले, कारण "नाही" लिहिलं की सर खूश असायचे.

तिसऱ्या महिन्यात ती आली तेव्हा तिचा पट्टा नव्यासारखा होता. रेक्झिन चकचकीत, चामड्यावर एक डाग नाही. मी तो सरांना दाखवला. बघा किती नीट ठेवलाय, म्हटलं, बाकीच्यांना शिकवलं पाहिजे. तिनं खाली मान घातली. मला वाटलं, लाजली. अक्कल कुठं गहाण टाकली होती कोण जाणे! शेतकऱ्याची पोर मी. उन्हाळ्यात, घोंगडीवर झोपणाऱ्या, मेंढरांत वावरणाऱ्या बाईच्या अंगावर तीन महिने रात्रंदिवस असलेला पट्टा काळाकुट्ट व्हायला पाहिजे, घामानं चामडं कडक व्हायला पाहिजे, एवढं मला कळू नये? मी शाबासकी दिली आणि "पट्टा नियमित वापरला" याच्यापुढं "हो" लिहिलं.

पाचव्या महिन्यात नवऱ्यानं तिला पुन्हा पाठीवर आणलं. पाय पुन्हा गेले होते. सरांनी एक्स-रे खिडकीकडं धरला. बसवलेला हाडाचा तुकडा मोडून पुढं सरकलेला मलासुद्धा दिसला. सरांनी नवऱ्याला विचारलं, पट्टा घालत होती का? तो जमिनीकडं बघत म्हणाला, पहिले दोन महिने घातला, मग नाही. सर उखडले. इतकी मेहनत करायची आणि या लोकांनी ती मातीत घालायची, असं बरंच बोलले. मग मला म्हणाले, लिहा. मी लिहिलं. फॉर्मवर लिहिलं आणि तिच्या कार्डावरही लिहिलं, रुग्णाने सूचना पाळल्या नाहीत. त्यापुढं सरांनी सांगितलं, हिला संशोधनाच्या यादीतून काढा. तेही मी काढलं. आणि खोटं कशाला बोलू, मलाही तेव्हा तिचाच राग आला होता. एवढं घसा फोडून सांगितलं होतं हिला, असं वाटत होतं.

ती स्ट्रेचरवर पडून छताकडं बघत होती. तिला पायांची ताकद तपासायला पडद्यामागं न्यायचं होतं. लुगडं सरकवलं आणि मला घाणेरडा, ओला वास आला. पोलक्याची खालची गाठ सोडली तर काय बघते! कमरेपासून छातीच्या खालपर्यंत, पाठीवर, मांड्यांवर नायटा. एकात एक घुसलेल्या चकत्या, लाल उचललेल्या कडा, मध्ये कातडी पातळ कागदासारखी झालेली आणि खाजवून खाजवून रक्ताळलेली. दोन बोटं ठेवायला निरोगी जागा नव्हती.

हे कधीपासून, मी विचारलं. तिनं सांगितलं ते असं. घरी गेल्यावर दोन महिने तिनं पट्टा एकदाही काढला नाही. झोपताना नाही, अंघोळीलाही नाही. सासू पट्ट्यावरूनच पाणी ओतायची. ओला कॅनव्हास तसाच अंगावर वाळायचा, वाळायच्या आत घामानं पुन्हा भिजायचा. आधी खाज सुटली. तिनं दम धरला. मग चकत्या उठल्या. नवऱ्यानं पाचोडच्या औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणली. चार दिवस गार वाटलं, लाली गेली, आणि मग ट्यूब लावावी तसा नायटा पसरतच गेला. शेवटी आग सहन होईना तेव्हा तिनं पट्टा काढला. धुतला, पुसला, जुन्या धोतरात गुंडाळून खुंटीला टांगला. दवाखान्याची चीज, परत द्यावी लागणार, घाण कशी द्यायची, असं तिला वाटलं होतं. तो पट्टा तिचाच आहे, परत द्यायचा नाही, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. आमच्याकडं यायच्या दिवशी ती एसटी स्टँडच्या मागं जाऊन तो बांधायची.

मी भडकले. म्हटलं, मला का नाही दाखवलंस? पुरुष डॉक्टरांना नाही दाखवलं हे समजतं, पण मी तर बाई होते, दर महिन्याला समोर होते. ती माझ्याकडं बघून शांतपणे म्हणाली, "तुम्ही लिवत व्हता."

आणि लुगडं सावरत, "अंघोळीला बी काढू नगं, असं तुम्हीच सांगितलं व्हतं ताई."

तोंडात मारल्यासारखं झालं. ज्या बाईनं शब्दन् शब्द पाळला, पाळला म्हणूनच जिचं अंग सडलं, तिच्या कार्डावर मी दहा मिनिटांपूर्वी लिहिलं होतं की तिनं सूचना पाळल्या नाहीत.

मी स्ट्रेचर स्वतः ढकलत कातडीच्या विभागात नेलं. तिथं माझ्याच वयाची एक डॉक्टरीण होती. तिनं चकतीची कड बोथट पात्यानं खरवडली, पडलेला कोंडा काचेवर घेतला, वर पोटॅशचा थेंब टाकला, जराशी ऊब दिली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मला म्हणाली, बघ. आत बारीक, फांद्या फुटलेले धागे होते, कणसाच्या केसांसारखे. ती बुरशी. पट्ट्याखाली ओल आणि वरून ती ट्यूब. ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. त्यानं लाली दबते, खाज दबते आणि खाली बुरशीचं रान माजतं. सहा आठवडे गोळ्या घ्यायच्या, अंग कोरडं ठेवायचं, पट्ट्याखाली रोज धुतलेलं सुती कापड. कातडी बरी झाली की दुसरं ऑपरेशन करता येईल, पण फार उशीर नको, नाहीतर पाय कायमचे जातील, असं तिनं चिठ्ठीवर लिहून दिलं.

ती चिठ्ठी घेऊन मी सरांकडं गेले. सगळं सांगितलं. चूक माझी आहे हेही सांगितलं. खरं सांगायचं तर त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, त्वचेचं त्या विभागाला बघू द्या, दोन महिन्यांनी आणा, पुन्हा ऑपरेशन करू. मी म्हटलं, निदान कार्डावरची आणि फॉर्मवरची ती ओळ तरी खोडू द्या. त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"मॅडम, पेपर पाठीचा आहे."

तळपायाची आग मस्तकात गेली. आणि तरी मी गप्प बसले. घरात भांडी आपटणारी, कंडक्टरशी भांडणारी, फाटक्या तोंडाची मी, नेमकी तिथं मूग गिळून बसले. नेमणूक वर्षभराची होती, पुढच्या वर्षी ती वाढवायची की नाही हे सरांच्या हातात. मी तिच्या नवऱ्याला गोळ्या दिल्या, नीट समजावलं, या वेळी खरंच नीट समजावलं, आणि ते कार्ड होतं तसंच त्याच्या हातात ठेवलं.

त्यानंतर मी प्रत्येक बाईला पडद्यामागं नेऊन पट्टा सोडून बघायला लागले. पुरुषांचं वॉर्डबॉयकडून बघून घेतलं. नायटा तिला एकटीला नव्हता. आणि कमरेवर, जिथून हाड काढलं त्या व्रणावर हात ठेवला की माणसं दचकायची. पाठीपेक्षा कंबर जास्त दुखते, कुशीवर झोपता येत नाही, असं हळूच सांगायची. मग सरांपुढं जाऊन म्हणायची, बरं हाय. रकाना नव्हता म्हणून मी हे सगळं फॉर्मच्या समासात लिहायला लागले. टायपिस्टनं समासातलं काहीच टाइप केलं नाही. त्याला तसंच सांगितलेलं होतं.

सहा आठवडे गेले, आठ गेले, ती आली नाही. मी पत्र टाकलं, उत्तर नाही. दहाव्या आठवड्यात रजा टाकली आणि बीड रोडची एसटी धरून पाचोडला गेले. बाजाराचा दिवस होता, म्हणजे नवरा मेंढरं घेऊन आलेला असणार हा माझा अंदाज. तो सापडला. मला बघून त्याचा चेहरा पडला, पण वस्तीवर घेऊन गेला.

ती दारापुढं बाजेवर पडलेली होती. पाय काटक्या झाले होते. मी आधी पोलकं वर करून बघितलं. नायटा पूर्ण गेला होता, नुसते तपकिरी डाग उरले होते. उशाशी एक फडकं होतं. तिनं ते सोडून दाखवलं, आत गोळ्यांची सगळी रिकामी पाकिटं. एकही चुकवली नाही, म्हणाली. दाखवायला ठेवली होती, कोणी विचारलं तर पुरावा असावा म्हणून.

मग आला का नाहीत, मी नवऱ्याला विचारलं. सासू बोलली. ज्या औषधवाल्यानं ती ट्यूब दिली होती, त्याच शहाण्यानं कार्ड वाचून दाखवलं होतं. हिनं डॉक्टरचं ऐकलं नाही असं दवाखान्यानं लिहून दिलंय, म्हणाला. आता डॉक्टर पुन्हा हात कशाला लावील? कोणत्या तोंडानं जायचं? तेव्हापासून घरात कोणी तिच्याशी धड बोलत नव्हतं. भाकरी बाजेच्या कडेला ठेवायचे आणि निघून जायचे. डॉक्टरनं धडधाकट केलेली बाई आपल्या हट्टानं लुळी झाली, असं सगळी वस्ती म्हणत होती. तिनं सासूला दहादा सांगितलं होतं की दवाखान्यातल्या ताईंनी सांगितलं तसंच वागले. पण तिचं तोंडचं बोलणं एकीकडं आणि दवाखान्याचा कागद एकीकडं. लोकांनी कागदाचं ऐकलं.

सासूनं ट्रंकेतून प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि कार्ड माझ्यापुढं धरलं. माझंच अक्षर, शाळेत ज्याला बक्षीस मिळालं होतं ते.

मी पर्समधून पेन काढला आणि ती ओळ खोडली. खाली मराठीत लिहिलं की रुग्णानं सांगितलेलं सगळं पाळलं, पट्टा न काढण्याची चुकीची सूचना मी दिली, त्यामुळं कातडीला बुरशी झाली आणि पट्टा घालणं अशक्य झालं. सही केली. मग उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचून दाखवलं. आवाजाचा कुठंतरी उपयोग झाला म्हणायचा. सासूनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सुनेच्या पायाशी जाऊन बसली.

नवरा म्हणाला, "मग तवाच का नाय लिवलं?"

"भ्याले," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?

दुसऱ्या दिवशी ते तिला घेऊन आले. खोडलेलं कार्ड बघून सरांचा पारा चढला. मला लेखी जाब विचारला, विभागातून हलवण्याची धमकी दिली. मी म्हटलं, हलवा. पण आधी हिचं ऑपरेशन करा. त्यांनी केलं, आणि मला हलवलंही नाही. या वेळी कमरेच्या दुसऱ्या बाजूचं हाड घेतलं. पाच तास लागले आणि ते एकदाही बसले नाहीत. हा माणूस मला आजही पुरता कळलेला नाही. मरणाचा जीव लावून ऑपरेशन करायचे, आणि ज्या बाईच्या पाठीसाठी उभे राहायचे ती बाई त्यांना दिसायची नाही. पुढं त्यांनी तो पेपर परिषदेत वाचला, टाळ्या मिळाल्या. त्यात ती नव्हती, कमरेचं दुखणं नव्हतं, नायटा तर कुठंच नव्हता.

दुसऱ्या वेळी सासूनं जुन्या धोतराच्या चार बंड्या शिवल्या. रोज एक धुवायची, एक पट्ट्याखाली घालायची. महिन्या महिन्याला पट्टा अधिकाधिक कळकट होऊन यायचा आणि तो बघून मला एवढा आनंद व्हायचा की विचारू नका.

सहा महिने झाले त्या दिवशी ती काठी टेकत, स्वतःच्या पायांनी चालत ओपीडीत आली. सरांबरोबर शिकाऊ डॉक्टरांची रांग होती. सरांनी एक्स-रे वर धरला, तुकडा घट्ट धरलेला सगळ्यांना दाखवला. मग नेहमीसारखं विचारलं, "कसं वाटतंय?"

संशोधनाच्या यादीत ती नव्हती, पण फॉर्म प्रत्येकाचाच भरायचा, म्हणून मी पेन उघडून बसले होते. तिनं आधी माझ्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं.

"पाठ बरी हाय," ती म्हणाली. "पन बरं नाय."

सरांना वाटलं, त्यांनी नीट ऐकलं नाही. तिनं काठी भिंतीला टेकवली आणि दोन्ही हात कमरेच्या दोन्ही बाजूंवर ठेवले. जिथून हाड काढलं तिथं दोन्हीकडं दुखतं, म्हणाली. कुशीवर पडता येत नाही. कोकरू उचलायला वाकलं की डोळ्यांपुढं अंधारी येते. पाय परत दिलेत, ते उपकार जन्मभर विसरणार नाही, पण दुखतं ते दुखतं. शिकाऊ पोरं एकमेकांकडं बघायला लागली. सर म्हणाले, हं, ते थोडं राहतंच, आणि मला म्हणाले, उत्तम निकाल असं लिहा. फॉर्म घ्यायला त्यांनी हात पुढं केला.

मी लिहिलं. पाठ बरी लिहिलं आणि कमरेचंही लिहिलं, समासात नाही, मधोमध. शेवटच्या फॉर्मवरही अंगठा लागायचा, म्हणून मग शाईचं पॅड पुढं केलं. तिचा अंगठा धरायला गेले तर तिनं हात मागं घेतला.

"आधी वाचा, काय लिवलं ते."

सरांचा हात तसाच पुढं होता. मी वाचलं, ओळ न् ओळ, इंग्रजीचं मराठी करून. ती मान हलवत ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, पट्ट्याचं? मी लिहिलं, पट्टा सांगितल्याप्रमाणे वापरला. वाचून दाखवलं.

"पयल्या बारीचं बी लिवा."

ते लिहायला मला थोडा वेळ लागला, डोळे भरून आले होते आणि रकाना सापडत नव्हता. रकाना नव्हताच. मी फॉर्मच्या वरच्या बाजूला, रुग्णाच्या नावाशेजारी लिहिलं की पहिल्या वेळीही तिनं सांगितलेलं सगळं पाळलं होतं. मोठ्यानं वाचलं. रांगेतल्या शेवटच्या पोरापर्यंत ऐकू गेलं असणार. मग तिनं आपला अंगठा आपणच पॅडवर दाबला, उचलून बघितला, शाई नीट लागली आहे याची खात्री केली, आणि त्या ओळीच्या अगदी खाली टेकवला.

सर तोवर हात पुढं करून उभेच होते.